सस्पेन्शन उचलल्यानंतरची कामे: जिम्नीच्या उदाहरणातून सविस्तर मार्गदर्शन

ऑफ-रोड गाडीचे सस्पेन्शन ५० मिलिमीटर उचलण्याचे मुख्य काम जाणकार गॅरेजमध्ये एका दिवसात उरकते. जुन्या स्प्रिंगा आणि शॉक उतरवून त्या जागी लांब स्प्रिंगा आणि लांब शॉक चढवले की गाडी रुबाबदार दिसू लागते आणि बरेच मालक तेथेच थांबतात. मात्र कारखान्यातून गाडी येते तेव्हा तिच्या स्टिअरिंगचे, ॲक्सलचे आणि शाफ्टचे कोन, तसेच प्रत्येक नळीची आणि वायरची लांबी, एका ठरावीक उंचीला जुळवलेली असते. उंची बदलली की हे सगळे एकदम बिघडते आणि ते पुन्हा जागेवर आणण्याचे काम स्प्रिंगा बदलण्यापेक्षा अधिक वेळखाऊ, बहुधा अधिक खर्चिक आणि निश्चितच अधिक महत्त्वाचे असते. ज्याच्या अंदाजपत्रकात या जोडकामांसाठी पैसे नाहीत त्याने लिफ्ट किट (गाडी उंच करणाऱ्या सुट्या भागांचा संच) तूर्त विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या लेखात उदाहरण म्हणून जून २०२३ मध्ये भारतात विक्रीस आलेली मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी घेतली आहे. लॅडर फ्रेम चासी (शिडीच्या आकाराचा लोखंडी सांगाडा), पुढे आणि मागे अखंड ॲक्सल (डावे आणि उजवे चाक जोडणारा एकच सलग दांडा), चारही चाकांना कॉइल स्प्रिंग, प्रत्येक ॲक्सलला चासीशी जोडणारे दोन लांब आर्म आणि ॲक्सलला डावीकडे-उजवीकडे सरकू न देणारा एक आडवा लॅटरल रॉड, अशी तिची रचना आहे. ही रचना समजली की इतर गाड्यांतील फरक ओळखणे सोपे जाते. थार आणि जिप्सीविषयी शेवटाकडे थोडक्यात लिहिले आहे.

लिफ्टने काय मिळते आणि काय मिळत नाही

अखंड ॲक्सलच्या गाडीत जमिनीला सर्वांत जवळ असतो तो डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा, आणि तो ॲक्सलवरच असल्यामुळे सस्पेन्शन कितीही उचलले तरी त्याच्याखालची जागा एक मिलिमीटरनेही वाढत नाही. जिम्नीचा कंपनीने जाहीर केलेला ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी आहे. ५० मिमी लिफ्ट केल्यावरही डिफरन्शियलखाली तेवढीच जागा राहते. ती वाढवायची असेल तर मोठे टायर हाच मार्ग आहे. सस्पेन्शन लिफ्टमुळे चासी, बंपर, टाकी आणि दारांखालचा भाग उंच होतो, म्हणजे चढाच्या पायथ्याशी नाक लागणे आणि उंचवट्यावर पोट टेकणे कमी होते. तीन दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस २२५० मिमी आहे, तर आपल्याकडील पाच दारांचा २५९० मिमी. त्यामुळे पोट टेकण्याचा त्रास आपल्या गाडीत अधिक, आणि लिफ्टचा उपयोगही तेथेच जास्त जाणवतो.

घाटातले कच्चे रस्ते, पावसाळ्यातली चिखलाची चाकोरी आणि कोकणातल्या जांभ्याच्या पायवाटा एवढ्यासाठी ४० ते ५० मिमी पुरेसे आहेत. त्यापुढे गेल्यास जोडकामांची यादी झपाट्याने वाढते आणि मिळणारा फायदा मात्र त्या प्रमाणात वाढत नाही.

कायदा आणि विमा

हा भाग आधी वाचावा, कारण पुढचे सारे यावर अवलंबून आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका अधोरेखित केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आपल्या आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करूनच काम हाती घ्यावे. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो, आणि गाडी वॉरंटीत असेल तर सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि शाफ्ट यांवरचा हक्क अडचणीत येतो. गॅरेजवाल्याचे ‘सगळेच करतात’ हे उत्तर यांपैकी कोठेही चालत नाही.

पाना लावण्यापूर्वीची मोजणी

मूळ मोजमापे नोंदवलेली नसतील तर नंतर काय किती बिघडले हे कळण्याचा मार्ग उरत नाही. गाडी सपाट फरशीवर उभी करावी, टायरमध्ये ठरलेली हवा भरावी आणि चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर लिहून ठेवावे. चाकाच्या तळापासून मोजू नये, कारण पुढे टायर बदलला की ते आकडे निरुपयोगी होतात. त्यानंतर चासीच्या कडेवरून ओळंबा सोडून दोरीपासून टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंतचे आडवे अंतर चारही बाजूंना घ्यावे. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलवरील सपाट जागेवर कोनमापक ठेवून कोन नोंदवावा. मोबाइलमधले ॲप चालते, मात्र दोन्ही वेळा मोबाइल त्याच जागी, त्याच बाजूने ठेवावा. स्टिअरिंग सरळ असताना ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) आणि लॅटरल रॉड यांचे समोरून एक छायाचित्र काढून ठेवावे. शेवटी अलाइनमेंटच्या दुकानातून कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळते त्या आसाचा मागे झुकाव) आणि टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे माप) यांच्या आकड्यांचा छापील कागद घ्यावा.

याच वेळी गाडीवर कायम राहणाऱ्या वजनाचा हिशेब करावा. लोखंडी बंपर, विंच, छतावरील कॅरिअर किंवा मागच्या बाजूचे ड्रॉवर बसवायचे असतील तर त्या वजनाला साजेशी स्प्रिंग निवडावी लागते. रिकाम्या गाडीला जड वजनाची स्प्रिंग लावली तर ५० मिमीऐवजी ७० मिमी उंची मिळते, गाडी दगडासारखी चालते आणि पुढे सांगितलेले प्रत्येक गणित चुकते.

नळ्या, वायरी आणि हालचालीच्या मर्यादा

या कामात जिवावर बेतू शकणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे ताणलेली ब्रेक होज, म्हणजे चाकाकडे ब्रेक ऑइल नेणारी लवचीक नळी. सपाट रस्त्यावर ती व्यवस्थित दिसते. पण चाक खड्ड्यात पूर्ण लोंबकळले आणि त्याच वेळी स्टिअरिंग एका टोकाला वळलेले असले की होज ताठ होते आणि जोडापाशी हळूहळू चिरत जाते. म्हणून तपासणी गाडी जमिनीवर असताना करून उपयोग नाही.

चासी चार भक्कम लोखंडी घोड्यांवर घ्यावी. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. चाके आणि स्प्रिंगा काढून ठेवाव्यात, नवे शॉक मात्र जोडलेले असावेत. आता ॲक्सल जॅकने सावकाश खाली सोडावा. प्रथम दोन्ही बाजू एकदम, मग एक बाजू वर आणि दुसरी खाली, आणि मग उलट. प्रत्येक स्थितीत स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे आणि टॉर्च घेऊन पुढील गोष्टी पाहाव्यात: पुढच्या दोन्ही ब्रेक होज, मागच्या ॲक्सलकडे येणारी होज, एबीएसच्या वायरी, हँडब्रेकच्या केबल, दोन्ही ॲक्सलच्या ब्रीदर नळ्या (ॲक्सलमधील हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या), आणि जिम्नीत विशेषतः पुढच्या एअर लॉकिंग हबकडे (फोर-व्हीलमध्ये पुढची चाके शाफ्टशी जोडणाऱ्या यंत्रणेकडे) जाणाऱ्या व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या. या नळ्यांकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. त्या निसटल्या की लिव्हर फोर-व्हीलमध्ये टाकूनही हब जोडले जात नाहीत, आणि हे समजते ते नेमके चिखलात.

ॲक्सल खाली जाण्याची मर्यादा शॉकने ठरवावी, नळीने कधीही ठरवू नये. शॉक पूर्ण उघडलेला असताना होजला बोटाने हलवता येईल एवढी ढील असली पाहिजे. ४० ते ५० मिमी लिफ्टमध्ये चासीवरील होजचा ब्रॅकेट खाली सरकवून काम भागते. त्यापेक्षा अधिक उंचीला लांब होज लागते. होज बदलली तर ब्रेकमधील हवा पूर्णपणे काढावी आणि ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचेच वापरावे. ब्रीदरची नळी बदलतच असाल तर ती थेट इंजिनच्या भागात उंचावर नेऊन बांधावी. गरम झालेला ॲक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि खाली राहिलेल्या ब्रीदरमधून पाणी आत ओढले जाते. दुधाळ झालेले डिफरन्शियल ऑइल ही त्याची खूण आहे.

आता उलटी तपासणी करावी. स्प्रिंगा काढलेल्याच असताना ॲक्सल जॅकने वर नेऊन बंप स्टॉपला (ॲक्सल वर येण्याची मर्यादा ठरवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकवावा. या स्थितीत शॉकमध्ये किमान १० ते १५ मिमी हालचाल शिल्लक असली पाहिजे. ती नसेल तर मोठ्या खड्ड्यात बंप स्टॉपऐवजी शॉकच आतून आपटेल आणि काही महिन्यांत गळू लागेल. लांब शॉक बंद स्थितीतही जुन्यापेक्षा लांब असतो, म्हणून लिफ्टबरोबर बंप स्टॉप वाढवणे जवळजवळ अटळ असते. स्पेसर किती जाडीचा हवा हे किटच्या खोक्यावरून न ठरवता या मोजणीवरून ठरवावे. मोठे टायर बसवायचे असतील तर तेही याच वेळी लावून मडगार्डच्या आत कोठे घासतात ते पाहावे.

स्टॅबिलायझर बारची (वळणात गाडीचे कलणे कमी करणाऱ्या आडव्या दांड्याची) लिंकही येथेच तपासावी. लिफ्टनंतर बार खाली ओढला जातो आणि लिंक तिरकी होते. लांब लिंक लावून बार पुन्हा मूळ कोनात आणावा.

कॅस्टर: सर्वांत अधिक दुर्लक्षित कोन

वळणानंतर स्टिअरिंग सोडले की ते आपोआप सरळ होते, ते कॅस्टरमुळे. चाक ज्या आसाभोवती वळते त्या आसाचा वरचा टोकबिंदू थोडा मागे झुकलेला असतो. हा झुकाव कमी झाला की गाडी महामार्गावर भरकटू लागते आणि चालकाला सतत बारीक दुरुस्त्या कराव्या लागतात. जिम्नीत पुढच्या ॲक्सलचे आर्म ॲक्सलपासून मागे चासीकडे जातात. चासी उंच झाली की आर्मचे मागचे टोक वर जाते आणि त्याच्याशी घट्ट जोडलेला ॲक्सल पुढच्या बाजूला लवंडतो. किती लवंडतो, याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो: लिफ्टच्या उंचीला आर्मच्या लांबीने भागावे आणि ५७ ने गुणावे. आर्मची लांबी ६५० मिमी धरली तर ५० मिमी लिफ्टसाठी उत्तर सुमारे ४.४ अंश येते. कारखान्याने दिलेला कॅस्टर मुळातच काही अंशांचा असतो, त्यामुळे एवढी घट झाल्यावर फार थोडे शिल्लक राहते. आपल्या गाडीच्या आर्मची लांबी प्रत्यक्ष मोजून हा हिशेब करावा.

दुरुस्तीचे तीन मार्ग आहेत. पहिला, ज्यांचे भोक मध्यापासून बाजूला आहे असे बुश (आर्मच्या टोकातील, बोल्टभोवतीची लवचीक नळी) आर्ममध्ये बसवणे. हा स्वस्त मार्ग आहे. पण असे बहुतेक बुश पॉलियुरेथेनचे आणि रबरापेक्षा कडक असतात, त्यामुळे ॲक्सलची पिळवटण्याची मोकळीक कमी होते आणि काही काळाने आवाज येतो. शिवाय ते बसवताना भोकाची दिशा थोडी जरी चुकली तरी दोन बाजूंना वेगवेगळा कॅस्टर मिळतो. म्हणून प्रेसवर दाबण्यापूर्वी आर्मवर आणि बुशवर खडूची किंवा पंचाची खूण करून घ्यावी. दुसरा मार्ग म्हणजे आर्मचे चासीकडील टोक खाली आणणारे ब्रॅकेट. कोन उत्तम सुधारतात, पण ब्रॅकेट चासीखाली लोंबतात आणि दगडी वाटेवर नेमके तेच अडकतात. आपल्या घाटांत मी ते सुचवणार नाही. तिसरा आणि महाग मार्ग म्हणजे दुरुस्ती अंगभूत असलेले नवे आर्म, ज्यात मूळ प्रकारचे रबरी बुश कायम राहतात. ५० मिमी लिफ्ट करून गाडी रोज चालवायची असेल तर पैसे येथे घालावेत. शॉकवर ज्यासाठी जास्त मोजले जातात त्या रंगीत टाकीपेक्षा हे अधिक उपयोगी आहे.

कॅस्टर पूर्ण मूळ आकड्यावर आणण्याचा हट्ट मात्र धरू नये. पुढच्या डिफरन्शियलचे तोंड मागे, ट्रान्सफर केसकडे (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला ताकद पाठवणाऱ्या गिअरपेटीकडे) असते. कॅस्टर सुधारण्यासाठी ॲक्सल मागे झुकवला की तेच तोंड खाली जाते आणि ताकद ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवरचा (टोकाच्या वळत्या जोडावरचा) कोन वाढतो. म्हणजे एक सुधारले की दुसरे बिघडते, आणि यातून मध्यम मार्गच काढावा लागतो. महामार्गावर गाडी सरळ धावते आणि फोर-व्हीलमध्ये शाफ्ट थरथरत नाही, असा बिंदू मूळ आकड्यापेक्षा किंचित कमी कॅस्टरवर सापडला तर तो स्वीकारावा.

लॅटरल रॉड आणि ॲक्सलचे मध्य

लॅटरल रॉडचे एक टोक चासीला आणि दुसरे ॲक्सलला असते, त्यामुळे चासी वर गेली की रॉड अधिक तिरका होतो आणि ॲक्सलला एका बाजूला ओढतो. रॉडची लांबी ८५० मिमी आणि मूळ स्थितीत दोन टोकांच्या उंचीत ६० मिमी फरक आहे असे धरले, तर ५० मिमी लिफ्टनंतर ॲक्सल सुमारे ५ मिमी सरकतो. आकडा लहान वाटतो. पण पुढचा आणि मागचा रॉड विरुद्ध बाजूंना बांधलेले असतील तर दोन्ही ॲक्सल विरुद्ध दिशांना सरकतात, आणि एका बाजूचा टायर मडगार्डबाहेर डोकावतो तर दुसऱ्या बाजूचा आत घासतो.

उपाय म्हणजे लांबी कमीजास्त करता येणारे रॉड, पुढे आणि मागे दोन्हीकडे. जुळवणी गाडी चाकांवर उभी असतानाच करावी; ॲक्सल हवेत लोंबकळत असताना केलेली जुळवणी व्यर्थ आहे. गाडी दोन-तीन वेळा दाबून आणि थोडी मागेपुढे करून सस्पेन्शन आपल्या जागी बसू द्यावे, सुरुवातीला केले तसे ओळंब्याने दोन्ही बाजू मोजाव्यात, रॉडचे एक टोक सोडून आवश्यक तेवढे आटे फिरवावेत आणि पुन्हा मोजावे. दोन बाजूंतील फरक २ ते ३ मिमीच्या आत आला की लॉकनट आवळावा आणि त्यावर रंगाची रेघ ओढून ठेवावी, म्हणजे नट सुटू लागला तर पाहताक्षणी कळते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. पुढच्या लॅटरल रॉडचा आणि स्टिअरिंगच्या ड्रॅग लिंकचा कोन शक्य तितका समांतर असावा लागतो. दोघे सारख्याच कोनात हलले तर खड्ड्यात ॲक्सल वरखाली होताना स्टिअरिंग स्थिर राहते. केवळ लॅटरल रॉडचे टोक खाली आणणारा ब्रॅकेट बसवला आणि ड्रॅग लिंक तशीच ठेवली, तर प्रत्येक उंचवट्यावर स्टिअरिंगला आपोआप झटका बसू लागतो. सुरुवातीला काढलेले छायाचित्र या तुलनेसाठीच आहे.

स्टिअरिंग आणि थरथर

लॅटरल रॉड जुळल्यानंतरच स्टिअरिंग मध्यावर आणावे, आधी नव्हे. लिफ्टनंतर स्टिअरिंग व्हील वाकडे दिसते, आणि काही मिस्त्री ते सरळ उपटून दुसऱ्या खाचेत बसवतात. ही पद्धत चुकीची आहे, कारण त्यामुळे स्टिअरिंग बॉक्स मध्यावर राहत नाही आणि एका बाजूला गाडी कमी वळते. ड्रॅग लिंकच्या लांबीची जुळवणी करूनच व्हील सरळ करावे. जिम्नीत ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) असल्यामुळे हे केवळ दिसण्यापुरते राहत नाही: व्हील वाकडे असेल तर चालक वळत आहे असा संगणकाचा समज होतो आणि सरळ रस्त्यावर एखाद्या चाकाचा ब्रेक लागू शकतो. जुळवणीनंतर स्कॅनर लावून स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणून घ्यावा.

अखंड ॲक्सलमध्ये टाय रॉड दोन चाकांना थेट जोडतो, त्यामुळे लिफ्टने टो फारसा हलत नाही. तरीही अलाइनमेंट करून घ्यावे आणि नवा छापील कागद जुन्याशेजारी ठेवावा. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा उभा झुकाव) या गाडीत जुळवता येत नाही, तेव्हा ‘कॅम्बर करून देतो’ असे सांगणाऱ्या दुकानात वेळ घालवू नये.

ठरावीक वेगाला पुढची चाके जोरात थरथरू लागली तर स्टिअरिंग डॅम्पर बदलण्याची घाई होते. जिम्नीच्या सध्याच्या पिढीत कारखान्यातूनच डॅम्पर येतो. जाड डॅम्पर लावला की थरथर काही दिवस दबते आणि मूळ दोष आत वाढत राहतो. क्रम असा ठेवावा: चाकांचे बॅलन्सिंग, लॅटरल रॉडचे बुश, किंगपिनचे (पुढचे चाक ज्याभोवती वळते त्या खुंटीचे) बेअरिंग, टाय रॉडची टोके, कॅस्टर, आणि सर्वांत शेवटी डॅम्पर. एकाने गाडी सुरू ठेवून स्टिअरिंग थोडे-थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने बाजूला बसून प्रत्येक जोडावर बोट ठेवावे. सैल जोड बोटाला लगेच कळतो.

प्रॉपेलर शाफ्ट

गाडी उंच झाली की शाफ्टचा कोन वाढतो आणि सरकत्या जोडातील उभ्या खाचांची पकड कमी होते. शाफ्टवरचा पूर्वीचा घासलेला पट्टा किती बाहेर आला आहे हे पाहिले की पकड किती घटली ते समजते. ती फार घटली असेल तर शाफ्ट आणि फ्लँज यांच्यामध्ये स्पेसर बसवतात. ५० मिमीपर्यंत त्याची गरज बहुधा पडत नाही. क्रॉसमध्ये ग्रीसचे निपल असेल तर ग्रीस भरावे आणि ॲक्सल पूर्ण लोंबकळलेला असताना शाफ्ट हाताने एक पूर्ण फेरा फिरवून कोठे अडकत नाही ना, हे पाहावे.

थरथर कोणत्या शाफ्टची आहे हे ओळखणे सोपे आहे. टू-व्हीलमध्ये हब सुटलेले असल्यामुळे पुढचा शाफ्ट फिरत नाही. म्हणून थरथर टू-व्हीलमध्येही येत असेल तर मागचा शाफ्ट किंवा चाके तपासावीत, आणि केवळ फोर-व्हीलमध्ये येत असेल तर पुढचा. ही चाचणी कच्च्या रस्त्यावरच करावी. जिम्नीत मधला डिफरन्शियल नाही, आणि कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावल्यास सारा ताण शाफ्टवर आणि गिअरवर येतो.

टायर, ब्रेक आणि मीटर

मूळ १९५/८० आर१५ टायरचा व्यास सुमारे ६९३ मिमी आहे. जिम्नीवाल्यांच्या आवडीचा २३५/७५ आर१५ सुमारे ७३३ मिमीचा, म्हणजे ५.८ टक्क्यांनी मोठा. डिफरन्शियलखाली २० मिमी जागा मिळते ती यातूनच. त्याची किंमत मात्र अनेक ठिकाणी मोजावी लागते. सगळे गिअर ५.८ टक्क्यांनी लांब झाल्यासारखे होतात आणि १३४ न्यूटन-मीटर टॉर्क असलेल्या १.५ लिटर इंजिनाला घाटात एक गिअर खाली यावे लागते. जड टायर थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो. मीटर ८० दाखवतो तेव्हा वेग पूर्वी त्याच आकड्याला असायचा त्यापेक्षा ५.८ टक्के अधिक असतो; मोबाइलच्या जीपीएसवर पडताळून फरक डोक्यात ठेवावा. अंतरही कमी नोंदले जाते, म्हणून १०,००० किमीची सर्व्हिस मीटरवर सुमारे ९,५०० झाले की करावी. २१५/७५ आर१५ हा सुमारे ७०३ मिमीचा टायर या सगळ्यात बराच सौम्य आहे, आणि प्रवासी वापर अधिक असणाऱ्याने त्याचाच विचार करावा.

टायर पूर्ण वळणावर आर्मला किंवा बंपरच्या कडेला घासत असेल तर स्टिअरिंगचे स्टॉप बोल्ट थोडे बाहेर काढावेत. वळणाचा घेर वाढतो, पण टायरची कड कापली जाण्यापेक्षा ते परवडते. मागच्या दारावरील स्टेपनीही मोठी आणि जड होते. बिजागऱ्यांना ढील येते आहे का यावर लक्ष ठेवावे.

बोलेरोसारख्या जुन्या ठेवणीच्या काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेला, वजनाप्रमाणे ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. चासी उंच झाली की गाडी रिकामी आहे असे समजून तो मागचा ब्रेक कमी करतो. गाडीत असा व्हॉल्व्ह आहे का हे पाहून त्याचा दांडा लिफ्टच्या मापाने पुन्हा जुळवावा.

हेडलाइट

पुढची आणि मागची बाजू अगदी सारखी उचलली गेली तर प्रकाशाचा कोन बदलत नाही. प्रत्यक्षात असे क्वचित घडते. पुढे ५० आणि मागे ३० मिमी उंची मिळाली, तर २५९० मिमी व्हीलबेसवर २० मिमीचा हा फरक १० मीटर अंतरावर प्रकाश सुमारे ८ सेंटिमीटर वर नेतो, आणि समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर तो थेट पडतो. भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करावी, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर आखावी आणि लो-बीमची वरची कड त्या रेघेच्या सुमारे १० सेंटिमीटर खाली येईल असा स्क्रू फिरवावा.

बुशचे बोल्ट केव्हा आवळावेत

हे काम शेवटी सांगितले असले तरी ते विसरल्यामुळे जितके नवे आर्म वाया जातात तितके दुसऱ्या कशानेही जात नसतील. रबरी बुशची आतली नळी बोल्टने ब्रॅकेटला घट्ट धरलेली असते आणि बाहेरची आर्ममध्ये दाबलेली असते. मधले रबर पिळवटून हालचाल होते. ॲक्सल लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला तर ती लोंबकळणारी स्थितीच रबराला ‘सरळ’ वाटते, आणि गाडी खाली उतरवताच ते कायमचे पिळलेले राहते. काही महिन्यांत त्याला कडेने भेगा पडतात आणि गाडीची उंचीही थोडी खोटी दिसते. म्हणून आर्मचे, लॅटरल रॉडचे आणि शॉकच्या खालच्या टोकाचे बोल्ट हाताने लावून गाडी चाकांवर उतरवावी, थोडी पुढेमागे करावी आणि मगच सर्व्हिस मॅन्युअलमधील आकड्याप्रमाणे टॉर्क पान्ह्याने आवळावेत. पॉलियुरेथेनचे बुश आतून सरकतात, त्यांना हा नियम तितकासा लागू नाही. त्यांना बसवताना दिलेले ग्रीस मात्र हवेच.

थार आणि जिप्सी

२०२० मध्ये आलेल्या थारच्या मागच्या बाजूला अखंड ॲक्सल आहे, त्यामुळे वरची बरीच चर्चा तिकडे लागू पडते. पुढे मात्र डबल विशबोन (प्रत्येक चाक धरणारे वर-खाली दोन त्रिकोणी आर्म) आहे आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र ड्राइव्ह शाफ्ट. तेथे चासी उंच केली की डिफरन्शियल तिच्याबरोबर वर जातो आणि सीव्ही जॉइंट (ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचे वळते जोड) तिरके चालू लागतात. रबरी बूट फाटणे आणि वळणावर टकटक आवाज येणे ही त्याची लक्षणे. वरच्या विशबोनचा बॉल जॉइंटही आपल्या हालचालीच्या टोकाला पोचतो. स्प्रिंगवर नुसता स्पेसर ठेवून थार उचलणाऱ्यांनी म्हणून थांबून विचार करावा: २५ ते ३५ मिमीपर्यंत ते निभावते, त्यापुढे सुधारित वरचे विशबोन आणि डिफरन्शियल खाली घेणारे स्पेसर लागतात. अशा गाडीत टो आणि कॅम्बर दोन्ही बदलतात, त्यामुळे अलाइनमेंट त्याच दिवशी करावे.

जिप्सीला चारही बाजूंना कमानपाटे आहेत आणि लॅटरल रॉडचा प्रश्नच येत नाही. तिच्यात लांब शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारी पट्टी) लावून केलेली लिफ्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बेभरवशाची, कारण शॅकल लांबले की ॲक्सलचा कोन बदलतो आणि गाडी आडवी हेलकावते. पाटे ॲक्सलच्या वर नेऊन केलेल्या मोठ्या लिफ्टमध्ये ड्रॅग लिंक इतकी तिरकी होते की तिचा आकारच बदलावा लागतो. हे काम ज्याने आधी केलेले दाखवले आहे अशाच कारागिराकडे द्यावे.

चाचणी आणि फेरतपासणी

पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर ३० ते ४० च्या वेगाने घ्यावी: ब्रेक सरळ लागतो का, स्टिअरिंग वळणानंतर परत येते का, कोठून ठक्क असा आवाज येतो का, हे पाहावे. मग वेग हळूहळू वाढवावा. वजनाचा मध्य वर गेल्यामुळे गाडी वळणात अधिक कलते, आणि घाटातील ओळखीच्या वळणांवरही पूर्वीचा वेग धरता येणार नाही. घरातील इतर कोणी ती चालवत असेल तर त्यांनाही हे सांगून ठेवावे.

सुमारे ५०० किमीनंतर स्प्रिंगा बसतात आणि उंची थोडी उतरते. तेव्हा सर्व बोल्ट पुन्हा टॉर्क पान्ह्याने तपासावेत, हबपासूनची उंची मोजावी, ओळंबा लावावा आणि हेडलाइटची रेघ पुन्हा पाहावी. प्रत्येक मोठ्या ऑफ-रोड फेरीनंतर गाडी धुऊन ब्रेक होज, हबच्या नळ्या आणि लॉकनटवरील रंगाच्या रेघा यांवर नजर टाकावी. किनारपट्टीवर गाडी ठेवणाऱ्यांनी जुळवणीच्या रॉडच्या आट्यांना दर पावसाळ्याआधी ग्रीस लावावे. एकदा गंजून धरले की ते आटे पुढच्या अलाइनमेंटला गॅस कटरशिवाय सुटत नाहीत.